एकाच कांजीचे बारा उच्चार: 'सेन्सेइ'मधल्या दुसऱ्या अक्षराबद्दल

पानगळ
(धागाकर्ता)

जपानी शिकायला लागलं की पहिल्या काही धड्यांतच एक कांजी (जपानीत वापरतात ते चिनी चिन्ह) भेटते. 'सेन्सेइ' म्हणजे शिक्षक, त्यातलं दुसरं अक्षर. 'गाकुसेइ' म्हणजे विद्यार्थी, त्यातलंही दुसरं. आपण वहीत टिपून ठेवतो: उच्चार 'सेइ'. मग वाढदिवसाचा 'तान्जोऽबि' येतो आणि तीच कांजी मधोमध 'जोऽ' म्हणून बसलेली दिसते. 'उमारेरु' म्हणजे जन्मणे, तिथे तिचा उच्चार 'उ'. 'इकिरु' म्हणजे जगणे, तिथे 'इ'. मेन्यूकार्डावर 'नामा बिऽरु' (न तापवलेली बिअर) लिहिलेलं असतं, तिथे ती 'नामा'. दुसऱ्या एका धाग्यावर 'मग हिचा खरा उच्चार कोणता?' असा प्रश्न निघाला आणि चर्चा भलतीकडेच गेली. विषय मोठा आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी दोन गोष्टी सांगतो. इथे कांजी टंकली की बऱ्याच जणांना नुसते चौकोन दिसतात, त्यामुळे सगळं देवनागरीत लिहितोय आणि चिन्हाचं वर्णन शब्दांत करतोय. लांब 'ओ' दाखवायला 'ओऽ' असं लिहीन.

चिन्ह पाच रेघांचं आहे. वर डावीकडे एक छोटी तिरपी रेघ, तिला लागून एक आडवी, मग वरून खाली सरळ उभी. नंतर मधली आडवी आणि शेवटी तळाची आडवी, जी सगळ्यांत लांब. जपानी शाळेत याच क्रमाने गिरवून घेतात. चीनमध्ये उभी रेघ चौथी काढतात, म्हणून चिनी व्हिडिओ बघून सराव करणाऱ्यांचा क्रम वेगळा पडतो. जपानमध्ये पहिलीच्या वर्गात ज्या ८० कांजी शिकवतात, त्यांत ही आहे.

तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी चीनमध्ये हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर लेख कोरत. तिथलं हिचं रूप म्हणजे जमिनीतून वर आलेला कोंब. तो कोंब डोळ्यांसमोर ठेवला की अर्थांचा गुंता सुटतो. जमिनीतून वर आलं म्हणून उगवणं आणि जन्मणं, पुढे तग धरला म्हणून जगणं. नुकतंच उगवलेलं, अजून चुलीवर न चढलेलं, म्हणून कच्चं. कशाची भेसळ झालेली नाही, म्हणून अस्सल. या सगळ्या अर्थांसाठी जपानी बोलीत आधीपासून वेगवेगळे शब्द होते. लिपी चीनकडून आली तेव्हा ते सगळे शब्द या एकाच चिन्हाने लिहिले जाऊ लागले. उच्चारांची एवढी गर्दी झाली ती त्यामुळे.

जपान सरकारच्या 'जोऽयोऽ कांजी' तक्त्यात (२०१० पासून त्यात २,१३६ कांजी आहेत) हिचे बारा उच्चार दिले आहेत. दोन चिनीवरून आलेले, म्हणजे ओन्योमि: 'सेइ' आणि 'शोऽ'. दहा मूळ जपानी, म्हणजे कुन्योमि. बारा हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, कारण त्या दहांपैकी आठ स्वतःची ओळख स्वतःच सांगतात. ते कसं ते बघा.

कांजीनंतर हिरागानात (उच्चाराप्रमाणे लिहायच्या जपानी लिपीत) जी शेपटी येते तिला ओकुरिगाना म्हणतात. कांजीपुढे 'किरु' असेल तर वाचायचं इकिरु, जगणे. 'कासु' असेल तर इकासु, जगवणे किंवा एखादी गोष्ट कारणी लावणे. 'केरु' असेल तर इकेरु, फुलं रचणे, ज्यावरून इकेबाना. 'मारेरु' असेल तर उमारेरु, जन्मणे. 'मु' असेल तर उमु, जन्म देणे. 'एरु' असेल तर हाएरु, उगवणे. 'यासु' असेल तर हायासु, दाढी वगैरे वाढवणे. नुसता 'उ' असेल तर ओउ. हा आज एकटा फारसा दिसत नाही, पण 'ओइताचि' म्हणजे बालपणापासूनची जडणघडण, या शब्दात टिकून आहे.

आठही शेपट्या वेगळ्या आहेत. शेपटी वाचली की उच्चार ठरला, अंदाज बांधायचं कामच नाही. बिनशेपटीचे कुन्योमि दोनच उरतात, 'नामा' आणि 'कि', आणि खरी मेहनत घ्यायची ती या दोघांवर. आता 'सेइ' आणि 'शोऽ' यांतलं कधी कोणतं, हा वेगळा प्रश्न. त्याबद्दल प्रतिसादांत बोलू.

माझं म्हणणं एवढंच आहे की या कांजीचे उच्चार यादी करून पाठ करू नका. शब्द पाठ करा, शेपटीसकट.

---

चिंचपाणी

धाग्याबद्दल खूप आभार! डिसेंबरला एन ५ (जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची पहिली पातळी) देतेय. शेपट्यांचं आमच्या वर्गात कुणी असं उलगडून सांगितलंच नव्हतं. मी तर हाएरु आणि इकेरु दोन्हीकडे 'एरु' ऐकू येतं म्हणून गोंधळत होते. आता लक्षात आलं की एकात कांजीनंतर थेट 'एरु' लिहितात आणि दुसऱ्यात 'केरु'.

प्रश्न असा की एन ५ला यातलं किती लागेल?

---

पानगळ

चिंचपाणी, २०१० मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं, तेव्हापासून अधिकृत शब्दयादी प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे अमुकच येईल असं कुणी सांगितलं तरी ते अनुभवावरचं असतं. तरी सेन्सेइ, गाकुसेइ, तान्जोऽबि, उमारेरु एवढे शब्द वाचता आणि ओळखता आलेच पाहिजेत. 'सेइतो' पण बघून ठेवा. माध्यमिक शाळेतला विद्यार्थी सेइतो, विद्यापीठातला गाकुसेइ. आपण दोघांनाही विद्यार्थीच म्हणतो, म्हणून मराठी माणूस सगळीकडे गाकुसेइ लावून मोकळा होतो.

इकेरु, हायासु, ओउ यांना सध्या हात लावला नाही तरी चालेल.

---

खडीसाखर

मला हे पटत नाही. याद्या वाईट असं सगळे म्हणतात, पण मी अंकीत (उजळणीच्या कार्डांचं ॲप) प्रत्येक कांजीचे सगळे ओन आणि कुन घालून रोज उजळणी केली आणि मला त्याचा उपयोगच झाला. नोकरी करून शिकणाऱ्याला प्रत्येक शब्द संदर्भासकट वाचायला वेळ कुठून मिळणार? यादी डोक्यात पक्की असेल तर नवीन शब्द समोर आला की निदान दोन-तीन पर्याय तरी सुचतात.

---

पानगळ

खडीसाखर, उजळणीला माझा विरोध नाही. अंकी मीही वापरतो. मुद्दा कार्डाच्या दर्शनी बाजूला काय असावं एवढाच आहे. तिथे नुसती कांजी असेल तर मागच्या बाजूला बारा उत्तरं येतात आणि त्यांतलं कोणतं आठवलं म्हणजे पास, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येत नाही. तिथे 'तान्जोऽबि' किंवा 'हा गा हाएरु' (दात येणे) असा पूर्ण शब्द किंवा तुकडा असेल तर उत्तर एकच असतं. वेळ तेवढाच लागतो.

नवीन शब्द आला की पर्याय सुचतात, हे तुमचं म्हणणं ओन्योमिच्या बाबतीत मात्र शंभर टक्के खरं आहे. 'सेइ' आणि 'शोऽ' ही जोडी पाठच हवी.

---

शिकवणी_पुणे

पुण्यात जपानी शिकवते, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे आणि आपल्या मुलांचे उच्चार सहसा चांगले असतात. जोडाक्षर अंगवळणी असल्यामुळे 'गाप्पि', 'इश्शोऽ' असे शब्द त्यांना जड जात नाहीत. अडतं ते ऱ्हस्व-दीर्घ 'ओ'पाशी. मराठीत ओ हा ओच. जपानीत 'इश्शो' म्हणजे एकत्र, सोबत आणि 'इश्शोऽ' म्हणजे संपूर्ण आयुष्य. दुसऱ्यातला 'शोऽ' हीच आपली कांजी. ऐकताना हा फरक निसटला तर वाक्याचा अर्थच बदलतो. वर्गात मी टाळी देऊन मात्रा मोजायला लावते: इ-श्-शो-ओ, चार टाळ्या. इ-श्-शो, तीन.

आता सेइ की शोऽ. ढोबळ नियम असा: शोऽ हा आधी आलेला उच्चार. तो दक्षिण चीनकडचा, कोरियाच्या वाटेने बौद्ध धर्माबरोबर आला. याला गो-ओन म्हणतात. सेइ नंतरचा. तांग राजवटीत सातव्या ते नवव्या शतकात राजदूत आणि शिकायला गेलेले भिक्षू राजधानीचा उच्चार घेऊन आले, तो कान-ओन. म्हणून धर्माशी, जन्म-मरणाशी, जुन्या घरगुती व्यवहाराशी जोडलेल्या शब्दांत शोऽ जास्त सापडतो: इश्शोऽ (आयुष्यभर), शोऽगाइ (हयात), सेश्शोऽ (जीवहत्या), ओऽजोऽ (या जगातून जाऊन पुण्यलोकी जन्मणे). शाळा, शास्त्र, प्रशासन यांतले शब्द बहुतेक सेइचे: सेइकात्सु (जीवन, राहणीमान), सेइबुत्सु (सजीव), जिन्सेइ (मानवी आयुष्य), सेइनेन्गाप्पि (जन्मतारीख).

नियम ढोबळच आहे. 'तान्जोऽ'मध्ये शोऽचा जोऽ होतो, कारण आधी न् आहे. आणि आल्याचा 'शोऽगा', जो रोज सुपरमार्केटात दिसतो, त्यातही हीच कांजी शोऽ म्हणून बसली आहे.

अजून एक, जे मी वर्गात आवर्जून फळ्यावर काढते. ही कांजी दुसऱ्या कांजींच्या पोटात शिरली की स्वतःचा उच्चारही सोबत नेते. डावीकडे 'हृदय' जोडलं की स्वभाव किंवा लिंग या अर्थाची कांजी होते: जोसेइ (स्त्री), दान्सेइ (पुरुष). डावीकडे 'स्त्री' जोडली की आडनावाची कांजी: सेइमेइ (नाव-आडनाव). डोक्यावर 'सूर्य' ठेवला की तारा: कासेइ (मंगळ), किन्सेइ (शुक्र). तिन्ही सेइ! आणि तिघींनाही दुसरा उच्चार शोऽ आहेच: आइशोऽ (दोघांचं जमणं), ह्याकुशोऽ (शेतकरी), म्योऽजोऽ (शुक्राची चांदणी, इथे शोऽचा जोऽ). एक जोडी पाठ केली की चार कांजींचं काम होतं. फक्त उत्पादनाच्या 'सान' कांजीत ही खाली बसलेली दिसते आणि उच्चार मात्र सान. ती लबाडी लक्षात ठेवायची.

---

खडीसाखर

तारा, आडनाव, स्वभाव हे माझ्या डेकमध्ये तीन वेगवेगळ्या महिन्यांत आले होते, त्यामुळे ते एकत्र कधी दिसलेच नाहीत. हे फार कामाचं आहे. आजच चारही एका टॅगखाली आणतो.

---

कोबेकर

कोबेला राहतो. शब्दांचं ज्ञान तुम्हा लोकांइतकं नाही, पण 'नामा' आणि 'कि' या दोघांशी रोज गाठ पडते, म्हणून थोडं लिहितो.

दुकानात सोया सॉसच्या फळीसमोर उभं राहायचं. बाटलीवर आपली कांजी आणि पुढे सोया सॉसच्या दोन कांजी, एवढंच छापलेलं. हे दोन प्रकारे वाचता येतं आणि दोन्हींचा माल वेगळा. 'नामाजोऽयु' म्हणजे उष्णतेची प्रक्रिया न केलेला, कच्चा सॉस. 'किजोऽयु' म्हणजे ज्यात दाशी (माशाचं वगैरे सार), साखर वगैरे काही मिसळलेलं नाही असा निव्वळ सॉस. तो तापवलेला असला तरी तो किजोऽयुच. लिखाण तेच! उदोनच्या (जाड नूडल्सच्या) दुकानात मिळतो तो 'किजोऽयु उदोन', तिथे नामा म्हणून चालत नाही. घरी आणायच्या बाटलीवर बहुतेक वेळा कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरात हिरागाना छापलेलं असतं, ते बघायचं.

सोबाच्या (बकव्हीटच्या नूडल्सच्या) जुन्या दुकानांच्या दारावरच्या पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते 'किसोबा'. पहिलं अक्षर आपलं, आणि 'सोबा' हे आता वापरात नसलेल्या जुन्या वळणाच्या काना लिपीत (हिरागानाच्या प्रकारातली उच्चारलिपी). जपानी भाषेचा चांगला अभ्यास झालेले लोकही तो पडदा पहिल्यांदा बघून थबकतात. फक्त बकव्हीटचं पीठ, भेसळ नाही, असं त्या 'कि'ला म्हणायचं होतं.

कापड आणि कणीक दोन्हीला 'किजि', त्यातही हीच. पिझ्झाच्या पोळीला पिझ्झा किजि, साडीच्या पोताबद्दल बोलायचं तरी किजि. आणि गंमत म्हणजे हेच दोन अक्षरी लिखाण 'सेइचि' असं वाचलं की अर्थ जन्मस्थान.

नामाचं तर विचारूच नका. नामा ताऽमागो कच्चं अंडं, नामाझाकाना कच्चा मासा, नामा होऽसोऽ थेट प्रक्षेपण, नामागावाकि म्हणजे पावसाळ्यात जे आपल्या कपड्यांचं होतं ते, अर्धवट वाळलेलं. जूनमध्ये इथे टीव्हीवरच्या डिटर्जंटच्या जाहिरातींत हा शब्द सतत कानावर पडतो.

---

चिंचपाणी

अर्धवट वाळलेल्याला कच्चं वाळलेलं! आपण कच्ची झोप, कच्चा हिशेब म्हणतो तसंच ना?

---

पानगळ

अगदी तसंच. नामाची ही दुसरी बाजू फार वापरात आहे. 'नामाहेन्जि' म्हणजे लक्ष दुसरीकडे ठेवून दिलेलं 'हं हं' छापाचं उत्तर. 'नामानुरुइ' म्हणजे कोमट, आणि लाक्षणिक अर्थाने बोटचेपं. 'नामाइकि' म्हणजे वयाला न शोभणारा आगाऊपणा. 'नामाहान्का' म्हणजे अर्धंमुर्धं ज्ञान. पूर्ण पिकलेलं नाही ही छटा सगळ्यांत आहे.

आणि 'कि' नेमकी उलट्या बाजूला जाते. 'किमाजिमे' म्हणजे कमालीचा सरळमार्गी, गंभीर माणूस. 'किस्सुइ' म्हणजे अस्सल, 'किस्सुइ नो एदोक्को' म्हणजे पक्का तोक्योवाला (इथे 'कि' पुढच्या शब्दाला चिकटताना त्याचा सु दुप्पट होतो). नामा म्हणजे प्रक्रिया राहिलेली, कि म्हणजे भेसळ नसलेली, एवढं धरून चाललं तर बहुतेक शब्द आपोआप जागी बसतात. 

कोबेकर, एक बारीक दुरुस्ती: अंड्याच्या शब्दात 'ता' ऱ्हस्व, नामा तामागो. बाकी सोया सॉसचं उदाहरण उत्तम. यापेक्षा चांगलं उदाहरण मला या दोन उच्चारांसाठी माहीत नाही.

---

अक्षरवेडी

मी जपानी शिकत नाही, पालीची विद्यार्थिनी आहे. पण वर शिकवणीताईंनी शोऽ हा बौद्ध धर्माबरोबर आलेला उच्चार म्हटलं आणि माझे कान टवकारले.

आपल्याकडे जाति, जरा, व्याधि, मरण हे चार दुःखाचे प्रकार सांगितले आहेत. इथे जाति म्हणजे जन्म. जपानीत तेच चार शब्द चार कांजींत येतात, 'शोऽ-रोऽ-ब्योऽ-शि', आणि पहिला शोऽ म्हणजे तुमची ही कांजी. 'सत्त्व' म्हणजे प्राणिमात्र, यासाठी कुमारजीवाच्या जुन्या चिनी भाषांतरांत जो शब्द आहे तो जपानीत 'शुजोऽ' वाचतात. त्यातही दुसरं अक्षर हेच. पुढे ह्युएन त्संगाने सत्त्वासाठी दुसरा शब्द वापरला, पण लोकांच्या तोंडी शुजोऽ राहिला.

आणि पालीतली एक प्रसिद्ध गाथा: 'अनिच्चा वत सङ्खारा, उप्पादवयधम्मिनो'. संस्कार अनित्य आहेत, उपजणं आणि लयाला जाणं हा त्यांचा स्वभाव. ही गाथा चिनी महापरिनिर्वाणसूत्रातून जपानला गेली. तिथे तिचं वाचन असं: 'शोग्योऽ मुजोऽ, झेशोऽ मेप्पोऽ, शोऽमेत्सु मेत्सुइ, जाकुमेत्सु इराकु'. यात 'उप्पाद' जिथे आहे तिथे शोऽ आहे, आणि 'वय' जिथे आहे तिथे मेत्सु. हिरागानाचं प्रत्येक अक्षर एकेकदा घेऊन रचलेली 'इरोहा' कविता याच गाथेचा आशय सांगते असं परंपरा मानते. तिचा सगळ्यांत जुना लेखी पुरावा १०७९ सालचा आहे.

पालीतला 'उप्पाद' आणि आपला मराठी 'उपजणे' एकाच उत्-पद् कुळातले. उपजणे म्हणजे उगवणे आणि जन्मणे दोन्ही. या कांजीला एकच मराठी शब्द लावायचा झाला तर मी 'उपज' लावीन.

---

शिकवणी_पुणे

अक्षरवेडी, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी गृहीत धरते. शोऽ-रोऽ-ब्योऽ-शि सांगताना मी आजवर फक्त जपानी बाजू सांगत आले. चारही अक्षरं गो-ओनने वाचायची याचं कारण मुलांना यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

---

वाटसरू_७

माझा प्रश्न नावांचा आहे. फिगर स्केटिंगमधला युझुरु हान्यू आणि शोगीचा (जपानी बुद्धिबळाचा) खेळाडू योशिहारु हाबु, दोघांचं आडनाव लिहायला सारखंच असं वाचलं. पहिलं अक्षर 'पंख', दुसरं ही कांजी. मग एकात 'न्यू' आणि दुसऱ्यात 'बु' कुठून आलं? वरच्या बारांत दोन्ही नाहीत. नेटवर तर हिचे शंभराच्या वर उच्चार आहेत असं लिहिलेलं सापडतं.

---

पानगळ

वाटसरू, दोघांचं लिखाण सारखंच आहे, बरोबर वाचलंत. शंभराच्या वरचे जे आकडे फिरतात ते माणसांची आणि गावांची नावं धरून काढलेले असतात. नावांत काय मोजायचं याला काही नियम नाही, म्हणून प्रत्येकाचा आकडा वेगळा. सरकारी तक्त्यात बाराच आहेत.

गावांची नावं आधी रूढ झाली आणि कांजी नंतर चिकटवल्या गेल्या. शिवाय शतकानुशतकं बोलताना नावं झिजतात, लिखाण मात्र तसंच राहतं. त्यामुळे तोक्योजवळचं फुस्सा, क्योतोचं मिबु, गुन्मातलं किर्यूऽ, साइतामातलं ओगोसे, नारातलं इकोमा, या सगळ्यांत हीच कांजी आहे आणि प्रत्येक ठिकाणी उच्चार वेगळा. माजी पंतप्रधान तारोऽ आसोऽ यांच्या आडनावातही दुसरं अक्षर हेच. यातलं काही तर्काने काढता येणार नाही. जपानी लोकही अनोळखी नाव वाचताना विचारून घेतात, आणि म्हणूनच तिथल्या बहुतेक फॉर्मवर नावाच्या वर उच्चार काना लिपीत लिहायला वेगळा रकाना असतो.

नावांखेरीज काही शब्दही असे आहेत की ज्यांत पूर्ण शब्दाला मिळून उच्चार दिलेला असतो, तो अक्षरांत वाटून दाखवता येत नाही. 'शिबाफु' म्हणजे हिरवळ आणि 'यायोइ' म्हणजे जुन्या पंचांगाचा तिसरा महिना, हे दोन जोऽयोऽ तक्त्याच्या पुरवणीत दिलेले आहेत. १८८४ मध्ये तोक्योच्या यायोइ नावाच्या भागात एक जुनं मडकं सापडलं आणि त्यावरून जपानच्या इतिहासातल्या एका अख्ख्या कालखंडाला यायोइ नाव पडलं. हे दोन्ही शब्द सुटे पाठ करायचे.

---

कोबेकर

तामागोच्या दुरुस्तीबद्दल आभार. वरच्या यादीत इथली दोन नावं घाला. कोबेच्या सान्नोमियाजवळचं इकुता देऊळ, त्यात उच्चार 'इकु'. आणि आमच्याच ह्योऽगो प्रांतातलं आइओइ गाव, त्यात 'ओइ'. पानगळ यांनी ओउ आता एकटा दिसत नाही म्हटलं, तो इथे स्टेशनच्या पाटीवर टिकून आहे. शिन्कान्सेन थांबते तिथे.

मुलीचा जन्म इथेच झाला, तेव्हा वॉर्ड ऑफिसात जन्मनोंदीचा अर्ज चौदा दिवसांच्या आत भरायचा होता. त्या अर्जाचं नाव काही जण 'शुस्सेइ तोदोके' म्हणत होते, काउंटरवरच्या बाई 'शुश्शोऽ तोदोके' म्हणाल्या. बरोबर कोणतं?

---

शिकवणी_पुणे

दोन्ही चालतात. कायद्याच्या आणि कचेरीच्या भाषेत शुश्शोऽ, बोलण्यात शुस्सेइही सर्रास. जन्म हा जुन्या शोऽच्या अखत्यारीतला विषय आणि कचेरी ही सेइच्या, त्यामुळे इथे दोघं अजून भांडताहेत.

---

चिंचपाणी

शेवटचं विचारते. 'उमारेरु'साठी पुस्तकात ही कांजी आहे आणि एका बातमीत वर उल्लेख झालेली ती 'सान' कांजी दिसली. चूक कुणाची?

---

पानगळ

कुणाचीच नाही. प्रत्यक्ष बाळंतपणावर भर असेल तर सानची कांजी: बाळाला जन्म देणे, अंडं घालणे. जगात येणे, निर्माण होणे, नवा विक्रम, नवी कल्पना जन्माला येणे, याला आपली कांजी. स्वतःबद्दल 'मी अमुक गावी जन्मले' लिहिताना आपलीच वापरा, परीक्षेत तीच अपेक्षित असते.

---

खडीसाखर

पुढचा धागा 'शिता'वर काढा. खाली, उतरणे, देणे. तक्त्यात बघितलं, तिलाही बाराच उच्चार आहेत: का, गे, शिता, शिमो, मोतो, सागेरु, सागारु, कुदारु, कुदासु, कुदासारु, ओरोसु, ओरिरु.

---

पानगळ

काढतो. पण तिथे शेपटीचा हा नियम एका जागी अडतो, ते आत्ताच सांगून ठेवतो. कांजीपुढे 'रु' असेल तर कुदारु, 'रिरु' असेल तर ओरिरु, इथवर ठीक. पण 'रिमासु' असेल तर? कुदारिमासु वाचायचं की ओरिमासु? दोन्हींची शेपटी तीच, त्यामुळे संदर्भ बघितल्याशिवाय सांगता येत नाही. चिंचपाणी, तोवर दोन्हींची 'मासु' रूपं लिहून ठेवा.